याचे आज किती येतील?

लंडनच्या आमच्या घरी पुण्याहून पाहुणे आले की मी चहाच्या आधी नाण्यांची पेटी उघडतो, असा आमच्या हिचा आरोप आहे. तो साफ खोटा आहे. मी चहानंतर उघडतो.

गेल्या उन्हाळ्यात नानामामा आले होते. सगळी हयात सराफी पेढीवर गेलेली. मी मोठ्या अभिमानानं एक रोमन चांदीचं नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. मामांनी ते उलटंसुलटं केलं, एक डोळा बारीक केला आणि विचारलं, "याचे आज किती येतील?"

म्हटलं, "40 पौंडांना घेतलं. तेवढेच येतील."

"निम्म्याहून जास्त भेसळ आहे रे यात. फसवलं तुला! घ्यायचं तर सीझरचं घ्यावं."

इथे माझं मामांशी, आणि 'किती येतील' पंथाच्या समस्त मंडळींशी, जाहीर भांडण आहे.

अहो, सीझरच्या चेहऱ्याचं नाणं म्हणजे हजारोंचा मामला. घेतलं की ते बँकेच्या लॉकरमध्ये आणि आपण घरी चिंतेत! शिवाय नकली पाडणाऱ्याचा डोळा आधी सीझरवरच. स्वस्त नाणंही कडेवरून बोट फिरवून पाहावंच. सांधा लागला किंवा अंगावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले, तर ते ठोकलेलं नव्हे, साच्यात ओतलेलं समजावं. पण स्वस्त नाण्याचं मोठेपण असं, की ते हातात घेऊन वाचता येतं.

माझंच घ्या. राजाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट आहे. म्हणजे हे दुहेरी नाणं. 215 साली सम्राट काराकाल्लानं हा प्रकार काढला. किंमत दोन डेनारियसची, चांदी मात्र जेमतेम दीडाची! (संस्कृतातला 'दीनार' तो हाच डेनारियस.) कडेची अक्षरं पाहिली की प्रथम छाती दडपते, पण रोमन लोक 'यू'च्या जागी 'व्ही' कोरत, एवढं कळलं की निम्मं कोडं सुटतं. 'इम्प गॉर्डिआनुस पिउस फेल औग'. म्हणजे सम्राट गॉर्डियन, धर्मनिष्ठ आणि भाग्यवान. भाग्यवान कसला! 13व्या वर्षी गादीवर बसवलेलं पोर; इराणच्या मोहिमेवर गेलं, ते 244 साली तिकडेच संपलं, परत आलंच नाही. मागच्या बाजूला हातात हार आणि नांगर घेतलेली लेटिशिया उभी आहे, साक्षात आनंददेवी.

आणि मामा म्हणतात, भेसळ! मामा, ती भेसळ हीच तर खरी बखर आहे. ऑगस्टसच्या डेनारियसमध्ये चांदी जवळजवळ शुद्ध. 64 साली नीरोनं हात मारला. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात ती निम्म्यावर आली. 270च्या सुमाराला शंभरात पाच भागही उरली नाही. नुसता तांब्यावर मुलामा. सैन्याचे पगार वाढत गेले, चांदी काही वाढेना. तिजोरीत खडखडाट आणि नाण्यावर आनंदीआनंद! एवढं सगळं वाचायला 40 पौंड जास्त झाले?

बरं, ही नाणी स्वस्त का? 'किती येतील' पंथाच्या तेव्हाच्या मंडळींनी जरा बरी चांदी दिसली की ती हंड्यांत भरून जमिनीत पुरली. पुरणारे बरेचसे परत आले नाहीत. त्यांचा जपून ठेवलेला भाव आज आम्ही खिसे चाचपत विकत घेतो.

हे सगळं मी मामांना रात्री साडेअकरापर्यंत ऐकवलं. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

सकाळी उठून पाहतो तर मामा मोरीपाशी उभे. हातात लिंबाची फोड, बशीत मीठ आणि बोटांत माझा गॉर्डियन. "केवढा काळा पडला होता रे! आता बघ कसा झळकतोय."

झळकत होता खरा. इतक्या वर्षांची काळी झाक गेली होती आणि तिच्याबरोबर आनंददेवीचं नाकही गेलं होतं.

पुढच्या नाणेबाजारात मी ते विक्रेत्याला दाखवलं. त्यानं भिंगातून पाहिलं, सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "15 पौंड."

मी ते परत पेटीत ठेवलं. अक्षरं अजून लागतात.