भूलतज्ज्ञ निघून जात नाही

‘भूल देणारे डॉक्टर एक इंजेक्शन देऊन मोकळे होतात,’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान मुळीच पटले नाही. पूर्ण भुलीत अनेकदा रुग्णाचा श्वासही यंत्रावर चालतो. बोटाची क्लिप रक्तातला ऑक्सिजन दाखवते. पण श्वासनळीतली नळी निसटली, तर ऑक्सिजन उतरण्याआधीच कॅप्नोग्राफवरची उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची रेघ सपाट होते. रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत भूलतज्ज्ञ त्या पडद्यापाशीच असतो.

आणि उपाशी ठेवणे हा छळ नव्हे. भुलीत पोटातले अन्न उलटून फुफ्फुसात जाऊ शकते. म्हणून साधारणपणे हलके खाणेही ६ तास आधी बंद, साधे पाणी मात्र २ तास आधीपर्यंत चालते. घोटभर दुधाचा चहा घेतला असेल, तर कृपया लपवू नका, सांगा.

— एक भूलतज्ज्ञ, सातारा