परवडत नाही म्हणजे काय?



या अंकाच्या संपादकीयाचा विषय पाहून काहीजणींना नवल वाटेल. हिंसाचार, हुंडा, रेशन, पाणी, जमिनीच्या सातबाऱ्यावर बाईचे नाव हे आपले नेहमीचे विषय. व्यावसायिक फुटबॉल क्लबांचा नफातोटा त्यांत कुठे बसतो, असा प्रश्न आमच्या बैठकीतही निघाला. तरीही आम्ही हाच विषय घेतला, त्याला कारण आहे. बाईने आपला वाटा मागितला की समोरून एक ठरलेले उत्तर येते : 'पटतंय, पण परवडत नाही.' घरात हे उत्तर तपासता येत नाही, कारण घराचा हिशेब कुठे लिहिलेला नसतो. इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांना मात्र आपले ताळेबंद दरवर्षी जाहीर करावे लागतात. त्यामुळे 'परवडत नाही' या शब्दांच्या मागे काय असते, ते तिथे आकड्यांत वाचता येते.

सुरुवात आपल्या जवळच्या धाग्याने करू. उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात ब्लॅकबर्न हे जुने कापडगिरण्यांचे गाव आहे. तिथला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या १२ संस्थापक क्लबांपैकी एक. नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब पुण्याच्या व्हेंकीज या कुक्कुटपालन उद्योगसमूहाने २.३ कोटी पौंडांना विकत घेतला. त्यानंतर पुरुषांचा संघ २०१२ मध्ये वरच्या श्रेणीतून खाली आला, २०१७ मध्ये आणखी एक पायरी उतरला, पुढच्या वर्षी एक पायरी परत चढला. या सगळ्या काळात क्लब वर्षामागून वर्ष तोट्यात राहिला आणि मालक तो तोटा भरत राहिले.

याच क्लबचा स्त्रियांचा संघ २०१९ मध्ये देशाच्या दुसऱ्या श्रेणीत पोहोचला होता. इंग्लंडच्या ज्या संघाने २०२२ मध्ये युरोपचे विजेतेपद मिळवले, त्यातल्या जॉर्जिया स्टॅनवे, कीरा वॉल्श आणि एला टून या तिघी लहानपणी ब्लॅकबर्नमध्ये खेळलेल्या. मे २०२५ मध्ये क्लबने हा संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला. मुली मैदानावर हरून खाली गेल्या नव्हत्या. नव्या हंगामाच्या परवान्यासाठी सोयीसुविधा, कर्मचारी आणि खेळाडूंची काळजी यांवर जो खर्च करावा लागणार होता, तो करायला मालक तयार नव्हते. पुरुषांच्या संघाचा कितीतरी पट मोठा तोटा पंधरा वर्षे परवडला. स्त्रियांच्या संघाचा तुलनेने किरकोळ खर्च परवडला नाही.

ब्लॅकबर्नपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर प्रेस्टन आहे. हीच गोष्ट तिथे शंभर वर्षांपूर्वी घडून गेली आहे. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि डिक, कर या कारखान्यात बायका दारूगोळा बनवू लागल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या फुटबॉल खेळत. १९१७ च्या नाताळात त्यांनी जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी सामना खेळला, तो पाहायला १० हजार माणसे आली. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांच्या सामन्याला ५३ हजार प्रेक्षक होते, आणि जागा नाही म्हणून हजारो लोक बाहेरून परत गेले. त्या एका सामन्यातून ३ हजार पौंडांहून अधिक निधी जमला. १९२१ मध्ये कोळसाखाणींत टाळेबंदी झाली, तेव्हा खाणकामगारांच्या उपाशी कुटुंबांसाठीही बायकांच्या संघांनी सामने खेळले.

५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना शोभणारा नाही, आणि सदस्य क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत. ठरावाचा हा भाग पुष्कळदा सांगितला जातो. त्याचा दुसरा भाग आपल्या विषयाचा आहे. स्त्रियांच्या सामन्यांच्या उत्पन्नातला फार मोठा हिस्सा खर्चात जातो आणि धर्मादायासाठी पुरेसे पैसे उरत नाहीत, अशीही तक्रार त्यात होती. हा खर्च कशाचा? दूरच्या गावी सामना असला की प्रवास आलाच, आणि कामाचा खाडा झाला की मजुरी बुडे, त्याची भरपाई द्यावी लागे. पुरुषांना खेळण्याबद्दल पगार देणे १८८५ पासूनच मान्य झाले होते. बायकांनी मात्र बुडालेली मजुरी घेतली तर तो हिशेबातला घोटाळा ठरला. बंदी जवळजवळ ५० वर्षे टिकली. १९७०-७१ मध्ये ती उठली.

हा इतिहास ध्यानात ठेवून आजचे आकडे पाहा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या पुरुषांच्या २० क्लबांचे २०२२-२३ या हंगामाचे एकत्रित उत्पन्न ६०० कोटी पौंडांहून अधिक होते. एवढा पैसा येऊनही सगळे क्लब मिळून तोट्यातच होते. खालच्या श्रेणीची अवस्था आणखी बिकट. तिथे असे हंगाम होऊन गेले आहेत की सर्व क्लबांचे मिळून जेवढे उत्पन्न, त्याहून जास्त रक्कम नुसत्या पगारांवर गेली. वरच्या श्रेणीत चढलो की दूरदर्शन हक्कांचा पैसा मिळेल, या आशेवर हा जुगार चालतो. हरणाऱ्याचे काय होते, तेही पाहिले पाहिजे. १८८५ मध्ये स्थापन झालेला बरी हा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये पैशांच्या गोंधळापायी लीगमधून बाहेर काढला गेला. एका गावाचा सव्वाशे वर्षांहून जुना ठेवा मालकांच्या व्यवहारात बुडाला.

या तोट्याला कोणी तोटा म्हणत नाही. त्याला गुंतवणूक म्हणतात, महत्त्वाकांक्षा म्हणतात, क्लबवरचे प्रेम म्हणतात. स्त्रियांची लीग २०११ मध्ये सुरू झाली आणि २०१८ पासून पूर्ण व्यावसायिक झाली. २०२२-२३ मध्ये तिच्या १२ क्लबांचे एकत्रित उत्पन्न ४.८ कोटी पौंड होते. त्याच हंगामात, जानेवारी २०२३ मध्ये, चेल्सी क्लबने एका पुरुष खेळाडूला संघात घेण्यासाठी सुमारे १०.७ कोटी पौंड मोजले. म्हणजे स्त्रियांच्या अख्ख्या लीगच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक. तरीही 'स्वतःच्या पायावर कधी उभ्या राहणार?' हा प्रश्न स्त्रियांनाच विचारला जातो. पुरुषांची लीग सुरू होऊन १३५ वर्षे उलटली, त्यांना तो कोणी विचारत नाही. ज्यांची ५० वर्षे हिरावून घेतली, त्यांच्याकडून मात्र पाच-सात वर्षांत नफ्याची अपेक्षा.

आपल्या घरांत हे चालतेच. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज काढले की ती पुढची तरतूद असते. मुलीला बारावीनंतर शिकवायचे म्हटले की तो खर्च असतो. फरक रकमेत नाही, ती रकम कोणावर पडणार यात आहे.

कोणी म्हणेल, प्रेक्षकच येत नाहीत त्याला क्लब काय करणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये आर्सेनलच्या स्त्रियांनी क्लबच्या मोठ्या मैदानावर सामना खेळला, तेव्हा ६० हजारांहून अधिक प्रेक्षक आले. बाजूचे लहान मैदान आणि आडवेळ दिली, जाहिरात केली नाही, की प्रेक्षक कमी येतात. मग तीच कमी संख्या पुरावा म्हणून पुढे केली जाते.

कोणी म्हणेल, क्लबांवर आर्थिक शिस्तीचे नियम आहेत. आहेत. प्रीमियर लीगमध्ये तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांपर्यंतचा तोटा चालतो, अशी मर्यादा गेली काही वर्षे होती. पण स्त्रियांच्या फुटबॉलवर केलेला खर्च त्या मोजणीतून वगळलेला असतो, ब्लॅकबर्नच्या श्रेणीतही. म्हणजे मुलींवर खर्च केला म्हणून कोणताही क्लब नियमभंगाच्या कचाट्यात सापडत नाही. शिस्तीची सबब इथे लागू पडत नाही.

उलट हे नियम चुकवायला स्त्रियांच्या संघाचाच उपयोग झाला आहे. चेल्सीने २०२२-२३ च्या हिशेबात आपली दोन हॉटेले आपल्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला ७.६५ कोटी पौंडांना विकली. पुढच्या वर्षी, जून २०२४ मध्ये, स्त्रियांचा संघ त्याच पद्धतीने मूळ कंपनीला सुमारे २० कोटी पौंडांना विकला. त्या विक्रीमुळे सात कोटींच्या आसपासचा तोटा कागदावर १२.८ कोटींच्या नफ्यात बदलला. घरातला पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला आणि क्लब फायद्यात आला. युरोपच्या फुटबॉल संघटनेने असे घरातल्या घरातले व्यवहार मान्य केले नाहीत आणि २०२५ मध्ये चेल्सीला दंड केला. ब्लॅकबर्नमध्ये ओझे ठरलेला स्त्रियांचा संघ चेल्सीत एकाएकी २० कोटींचा ऐवज कसा होतो? दोन्हीकडे उत्तर एकच. त्याची किंमत पुरुषांच्या संघाच्या गरजेप्रमाणे ठरते. घरात पैसे हवे झाले की बाईच्या अंगावरच्या दागिन्यांची आठवण होते, तसेच हे आहे.

आपल्या देशातही उदाहरण आहे. ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात केरळ ब्लास्टर्सचा पुरुषांचा संघ पंचांच्या निर्णयावर रागावून मैदान सोडून गेला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबला ४ कोटी रुपये दंड केला. जूनमध्ये क्लबने जाहीर केले की या आर्थिक फटक्यामुळे स्त्रियांचा संघ, जो जेमतेम वर्षभरापूर्वी उभा राहिला होता, तूर्त थांबवावा लागत आहे. राग पुरुषांचा, दंड पुरुषांच्या वागण्याचा, आणि घरी बसल्या मुली. दारुड्या नवऱ्याचे कर्ज फेडण्यासाठी पोरीची शाळा बंद झाल्याच्या तक्रारी आपल्या सल्ला केंद्रांत येतात. केरळच्या क्लबचा हिशेब त्याहून वेगळा नाही.

इथे दोन प्रश्नांना सामोरे जायला हवे. पहिला, निर्णयाच्या जागी बाई असती तर असे झाले असते का? ब्लॅकबर्नच्या मालक उद्योगसमूहाच्या अध्यक्षपदी अनेक वर्षे एक स्त्रीच आहे. उच्चपदावर एखादी बाई बसली म्हणजे व्यवस्थेचा हिशेब आपोआप बदलत नाही, हे आपण राजकारणात पाहिले आहे, उद्योगातही तेच. म्हणून सत्तेच्या जागा मागतानाच हिशेबाची रीतही बदलायला लावली पाहिजे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. सट्टेबाजीच्या कंपन्यांची नावे छातीवर मिरवणाऱ्या, २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी निधीला क्लब विकू देणाऱ्या या धंद्यात बायकांनी वाटा तरी का मागावा? यावर आमच्यात एकमत नाही, आणि ते लपवण्याचे कारणही नाही. काहीजणींना वाटते, हा खेळ बाजाराने इतका गिळला आहे की त्यापासून दूर राहून वेगळे, गावाच्या मालकीचे संघ उभारावेत. इतरांचे म्हणणे असे की ज्या मुलीचे वय आज अठरा आहे, तिला बाजार सुधारेपर्यंत थांबा असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. गिरणीत कामाच्या अटी वाईट होत्या म्हणून बायकांनी गिरणीबाहेर राहावे असे आपण म्हटले नाही; आत जाऊन अटी बदलण्यासाठी लढलो. आमचा कल या दुसऱ्या बाजूला आहे. पण आत जाताना जुगाराची हीच रीत उचलायची नाही, एवढे भान हवे.

आता आपल्या कामाविषयी. ब्लॅकबर्नचा निर्णय आपण बदलू शकत नाही. पण आपल्या तालुक्यातले क्रीडासंकुल, पालिकेचे मैदान, शाळेचे क्रीडासाहित्य हे सर्व सार्वजनिक पैशातून होते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली त्याचा हिशेब मागता येतो. गेल्या तीन वर्षांत मुलांच्या आणि मुलींच्या खेळांवर किती किती रक्कम खर्च झाली? मैदान संध्याकाळी कोणाकडे असते? मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह आहे का, त्याची किल्ली कोणाकडे असते? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. त्यातला काही भाग मुलींच्या खेळासाठी मागता येईल का? हे चार-पाच प्रश्न घेऊन प्रत्येक गटाने एकेका ठिकाणी अर्ज करावा आणि आलेली उत्तरे आमच्याकडे पाठवावीत. ती एकत्र छापण्याचा आमचा विचार आहे.

यापुढे कोणीही 'परवडत नाही' म्हटले, मग तो क्लबचा मालक असो, सरपंच असो वा घरातला कर्ता पुरुष, तर आपण तिथेच गप्प बसू नये. वही दाखवा म्हणावे. कशाला परवडले आणि कशाला नाही, ते ओळीने वाचून दाखवावे. वही उघडली की वाद भावनेचा राहत नाही, वाट्याचा होतो, आणि वाट्याच्या वादात आपली बाजू मजबूत आहे.

– संपादक मंडळ