अकाय म्हणजे नक्की काय? आणि त्यात 'चमकता चंद्र' कुठून आला?

२० फेब्रुवारी २०२४. विराट कोहली आणि अनुष्का शर्मानं इन्स्टाग्रामवर सांगितलं की १५ तारखेला मुलगा झाला, नाव अकाय. पोस्टमध्ये अर्थ दिला नव्हता. मग काय, जो तो गुगलवर. मराठी माणसाला तर आयतीच कोटी मिळाली, 'अकाय म्हणजे काय?'

लगेच दोन उत्तरं फिरायला लागली. एक, 'ज्याला शरीर नाही असा'. दुसरं, 'चमकता चंद्र'. काही ठिकाणी दोन्ही एकाच शब्दाचे अर्थ म्हणून छापले गेले. गडबड इथंच आहे.

संस्कृतात काय म्हणजे शरीर. आपल्या कायिक, कायापालट या शब्दांत तेच आहे. त्याला नकाराचा 'अ' लागला की अकाय, म्हणजे निराकार. हा शब्द कुणी काल बसून जुळवलेला नाही. ईशावास्य उपनिषदाच्या आठव्या मंत्रात परमतत्त्वाचं वर्णन करताना तो येतो.

चंद्राचा पत्ता वेगळा. तुर्की भाषेत 'अक' म्हणजे पांढरा, 'आय' म्हणजे चंद्र. तिथं अकाय हे नाव म्हणून चालतं, आडनाव म्हणूनही. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही.

बरं, 'शरीर नसलेला' हे बाळाचं नाव कसं? तर असली नावं आपल्याकडे घरोघरी आहेत. अमोल म्हणजे ज्याचं मोल होत नाही तो. अनघा म्हणजे निष्पाप. अनिकेतचा अर्थ तर 'ज्याला घर नाही असा'. तरी अनिकेतच्या बारशाला कुणी नाक मुरडत नाही, कारण ते नाव कानाला सरावलंय.

अकाय सरावलेलं नाही, आणि नव्या आईबाबांना नेमकं तेच आवडतं. वर्गात दुसरा अकाय नसणार. तीन अक्षरं, जोडाक्षर नाही, परदेशातही जीभ अडखळत नाही, वर संस्कृतचा आधार.

हा आधार सगळ्याच नव्या नावांना नसतो. कियारा घ्या. २०१० च्या 'अंजाना अंजानी'त प्रियांका चोप्राच्या पात्राचं हे नाव होतं, आलिया अडवाणीनं पडद्यासाठी तेच घेतलं. इटालियन किआराचा अर्थ उजळ. आणि तसंच ऐकू येणारं आयरिश नाव 'काळा' या अर्थाच्या शब्दावरून आलंय! बारशाच्या पत्रिकेवर यातला कोणता अर्थ छापायचा, ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न फक्त हौसेचा नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट या सगळ्याला जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे, आणि त्यावरचं स्पेलिंग पुढं सगळीकडे जातं. अकायच्या स्पेलिंगमध्ये 'के' नंतर दोन 'ए' आहेत, एक गळला की 'अके' वाचणारे भेटतील. पण घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाव मात्र बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क टाकता येतं. तेवढ्यात आपट्यांचा संस्कृत कोश उघडून बघा, तो इंटरनेटवर फुकट आहे.