उसना सोफा

संगणकावरचे खेळ आणि ते खेळणारी माणसे यांच्यावर चित्रमालिका रचून ती महाजालावर प्रसिद्ध करावयाची, तर त्यासाठी एक तयार पाककृती गेली पंचवीस वर्षे हातोहात फिरत आहे. दोन तरुण मित्र घ्यावेत. एक शहाणा, एक वेडपट. त्यांना दूरचित्रवाणी संचासमोर सोफ्यावर बसवावे व हाती कंट्रोलर द्यावेत. बाजारात नुकत्याच आलेल्या खेळाची टर पहिल्या दोन चौकटींत उडवावी आणि तिसऱ्या चौकटीत वेडपटाने शहाण्याला तडाखा द्यावा. नवशिक्यांना केला जाणारा उपदेश बहुधा याच्या पलीकडे जात नाही. ही पाककृती सपशेल टाकाऊ आहे असे माझे मत आहे. आणि ते या पत्रिकेत मांडण्याचे कारण इतकेच की, तिच्या आहारी गेलेली मुले आपल्याच घरांतली आहेत.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील जुन्या मराठी कुटुंबांतून वहीच्या मागच्या पानांवर चित्रे काढणारी मुलेमुली आजही कमी नाहीत. त्यांतील बरीचशी खेळ खेळतात, खेळांविषयी बोलतात, आणि साहजिकच खेळांविषयी चित्रे काढतात. घरातील वडीलधारी मंडळी त्या वहीकडे ‘अभ्यास सोडून चाललेले चाळे’ म्हणून पाहतात. मग ज्यांना घरात कोणी विचारीत नाही, त्यांनी अमेरिकेतला सोफा जसाच्या तसा उचलून आणला तर नवल कसले? मला या दोन्ही पक्षांशी भांडावयाचे आहे.

आधी सोफ्याविषयी. १९९८ साली अमेरिकेत ‘पेनी आर्केड’ ही चित्रमालिका सुरू झाली. जेरी होल्किन्स लिहिणारे आणि माइक क्रॅहुलिक रेखाटणारे; दोघे शाळेपासूनचे मित्र, दोघेही खेळवेडे. सोमवार, बुधवार, शुक्रवार असा त्यांचा वार ठरलेला असे. प्रत्येक चित्रासोबत होल्किन्स यांचे एक गद्य टिपणही असे, आणि ते पल्लेदार, तिरकस, शब्दांवर जीव असलेल्या माणसाचे गद्य होते. म्हणजे तो सोफा त्यांच्या स्वतःच्या बैठकीतला होता. त्याच वर्षी स्कॉट कर्ट्झ यांनी ‘पीव्हीपी’ सुरू केली. तिच्यातली माणसे खेळांविषयीच्या एका मासिकाच्या कचेरीत काम करणारी. तेथे खेळ हे निमित्त. खरी गंमत सहकाऱ्यांच्या हेव्यादाव्यांत, प्रेमप्रकरणांत आणि कामचुकारपणात. या दोन मालिकांमागून जी शेकडो अनुकरणे निघाली, त्यांनी होल्किन्सचे गद्य घेतले नाही, कर्ट्झची कचेरीही घेतली नाही. घेतला तो फक्त सोफा, कारण तो काढावयास सोपा असतो.

लिहिणारा एक आणि रेखाटणारा दुसरा, ही जोडी आपल्याला अनोळखी नाही. प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित यांचा ‘चिंटू’ १९९१ साली ‘सकाळ’मधून सुरू झाला. चिंटूची आई, पप्पा, मित्र, त्याचे खट्याळ प्रश्न, हे सारे मराठी मध्यमवर्गीय घरातून थेट उचललेले होते. म्हणून ते रोज वाचले गेले. कोणी परदेशी मुलाला सदरा-विजार घालून तेथे उभे केले असते, तर महिन्याभरात वाचकांनी पान उलटले असते.

आता विनोदाच्या आयुष्याविषयी. एखाद्या नव्या खेळातील त्रुटीवर आज केलेला विनोद पुढच्या वर्षी कोणाला कळणार? खेळाची नवी आवृत्ती येते, ती त्रुटी जाते, आणि चित्राखाली ‘या खेळात पूर्वी असे होत असे’ अशी तळटीप द्यावी लागते. तळटीप लागणारा विनोद हा शिळ्या पोह्यांसारखा. तो कितीही गरम केला तरी व्यर्थ. उलट ब्रायन क्लेव्हिंजर यांची ‘एट बिट थिएटर’ पाहावी. २००१ ते २०१० ती चालली. चित्रेसुद्धा स्वतःची नव्हेत. १९८७ सालच्या ‘फायनल फॅन्टसी’ या खेळातील ठिपक्याठिपक्यांच्या बाहुल्या उचलून त्या चौकटींत मांडलेल्या. तरीही तो खेळ ज्यांनी कधी पाहिला नव्हता त्यांनीही ती वाचली. याचे कारण चार तथाकथित वीरांचा स्वार्थ, मूर्खपणा आणि एकमेकांवरचा अविश्वास इतका नेमका रंगवला होता की, तो कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत शोभला असता.

अर्थात बाहुल्या उचलण्याचा मार्ग नवशिक्याने धरू नये. जिची मूर्ती आपली नाही ती मालकाने मागितली की द्यावी लागते. २००३ साली ‘पेनी आर्केड’ने मुलींच्या एका लोकप्रिय बाहुलीचे विडंबन केले, तेव्हा हक्कदार कंपनीच्या वकिलांचे पत्र आले आणि ते चित्र उतरवावे लागले. त्यांच्यासारख्या मातब्बरांची ही गत, तर बारावीतल्या मुलाने काय करावे? आपली माणसे आपण काढावीत. ती काड्यांची असली तरी चालतील. रँडल मन्रो यांची ‘एक्सकेसीडी’ २००५ पासून काड्यांच्या माणसांवरच उभी आहे.

या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण मात्र ‘कंट्रोल ऑल्ट डिलीट’ या मालिकेचे आहे, आणि त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. टिम बक्ली यांनी ती २००२ साली सुरू केली. सोफ्याच्या पाककृतीचा तो ठळक नमुना. नायक ईथन हा खेळांपायी वेडा झालेला, वाटेल ते करणारा, कशाचेही परिणाम न भोगणारा. सहा वर्षे हेच चालले. मग २ जून २००८ रोजी बक्लींनी शब्दावाचून चार चौकटी प्रसिद्ध केल्या. पहिलीत ईथन धावत रुग्णालयात शिरतो. दुसरीत तो स्वागतकक्षातील बाईंना विचारतो. तिसरीत डॉक्टर त्याच्याशी बोलतात. चौथीत त्याची सहचरी लायला खाटेवर कुशीवर पडून रडते आहे आणि तो उभा आहे. तिचा गर्भपात झालेला असतो.

वाचक हळहळले असतील असे कोणाला वाटेल. वाचक हसले. इतके हसले की त्या चार चौकटींचे विडंबन हा महाजालावरचा एक स्वतंत्र खेळ होऊन बसला, आणि शेवटी आकृत्या गळून केवळ रेघा उरल्या: एक उभी, दोन उभ्या, पुन्हा दोन उभ्या, एक उभी आणि एक आडवी. एवढ्या रेघा पाहूनही जाणकारांना आज हसू येते. एका स्त्रीच्या दुःखाची अशी गत व्हावी, हे क्रूर आहेच. परंतु दोष केवळ हसणाऱ्यांच्या माथी मारून चालणार नाही.

पुष्कळांचे म्हणणे असे की, विनोदी मालिकेत दुःख आणणे हीच चूक. मला ते मान्य नाही. विनोदी लेखनात दुःख येऊ नये असे म्हणणाऱ्याने मराठी विनोद वाचलेलाच नाही. चार शब्दहीन चौकटींची रचनाही वाईट नाही, शि. द. फडणीसांनी शब्दाची मदत न घेता केवढे सांगितले, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. घोटाळा त्या दिवशी झाला नाही, तो आधीच्या सहा वर्षांत झाला होता. ईथन आणि लायला ही माणसे म्हणून कधी घडवलीच गेली नव्हती. सोफ्यावर बसून तडाखे देणाघेणाऱ्या त्या बाहुल्या होत्या. ज्या घरात कोणी कधी जेवले नाही, आजारी पडले नाही, ज्याचे भाडे थकले नाही, त्या घरात एके सकाळी मृत्यू आणून ठेवला तर तो खोटाच वाटणार. पाककृती मोडली ती येथे.

तेव्हा आपल्याकडे जो कोणी ही मालिका काढील, त्याने पहिला प्रश्न स्वतःला असा विचारावा की, माझ्या आसपास खेळतो कोण, कोठे आणि कसा? उत्तरात सोफा क्वचितच येईल. आपल्याकडचा बहुतेक खेळाडू मोबाइलवर खेळतो. काचेला तडा गेलेल्या, चार्जरच्या वायरीने भिंतीशी बांधलेल्या मोबाइलवर. त्याला स्वतंत्र खोली असतेच असे नाही. त्याच खोलीत आजीची जपमाळ चालू असते. शिवाय तो ज्या तऱ्हेचे खेळ खेळतो ते मध्येच थांबवता येत नाहीत, कारण त्याच्यासोबत त्याच क्षणी दुसरीकडे तिघे साथीदार खेळत असतात. ‘जेवायला ये’ आणि ‘थांबवता येत नाही’ या दोन वाक्यांमधला झगडा आज घराघरांत रोज रात्री चालू असतो. त्यावर वर्षभर पुरेल इतके साहित्य आहे.

नमुन्यादाखल चार चौकटी सांगतो. ज्याला हव्या असतील त्याने खुशाल घ्याव्यात. पहिली: बंद दाराबाहेर ताट घेऊन आजी, आतून नातवाचा आवाज, ‘गिर गया मैं! जल्दी उठाओ मुझे!’ दुसरी: घाबरलेली आजी शेजारच्या काकांना बोलावते आहे. तिसरी: दार उघडलेले, नातू पलंगावर मांडी घालून बसलेला, ‘अगं आजी, दोनच मिनिटं!’ चौथी: काका त्याच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावून म्हणतात, ‘अरे, आधी त्या भिंतीमागे सरक की!’ आजी दारात, ताट निवते आहे. खेळाचे नावसुद्धा सांगावे लागले नाही. आणि दुसरी एक गोष्ट येथे पाहण्यासारखी आहे. मुलगा सोबत्यांशी हिंदीत ओरडतो आणि आजीशी मराठीत बोलतो. बडोद्याला त्यात गुजराती येईल, बेळगावला कानडी, हैदराबादला दखनी. भाषा बदलण्याचा हा क्षण आपल्या घरांत दिवसातून शंभरदा येतो. पुण्याच्या चित्रकाराला तो शोधून काढावा लागेल. आपल्या मुलांच्या तो तोंडातच आहे. मग त्यांनी इंग्रजी फुग्यांत अमेरिकन थट्टा का करावी?

शुद्धिवाद्यांना येथेच सांगून टाकतो: ‘लॅग’, ‘हेडशॉट’ हे शब्द तसेच राहू द्यावेत. त्यांना संस्कृत वस्त्रे नेसवलीत तर मुले चित्र पाहतील आणि फुगा वाचणार नाहीत.

खेळाडू म्हणजे केवळ विशीतला मुलगा, हाही त्या सोफ्याचाच भ्रम. २०१६ साली नवी मुंबईच्या एका कंपनीने काढलेला ‘लुडो किंग’ २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचला. वेगवेगळ्या गावी अडकलेल्या मावश्या, भाचे, जावई त्यावर रात्र रात्र सोंगट्या मारीत होते. निवृत्त काकामंडळी मोबाइलवर पैसे लावून रमी खेळत, त्यावर २०२५च्या कायद्याने पडदा पडला. नातवाचा ‘पबजी’ तर त्याआधीच, सप्टेंबर २०२० मध्ये, सरकारी आदेशाने बंद झाला. २०२१ साली तो दुसऱ्या नावाने परतला, २०२२ साली पुन्हा गेला आणि २०२३ साली पुन्हा आला. खेळ रातोरात नाहीसा झाल्यावर त्या चौघांच्या मैत्रीचे काय होते? आणि ज्या काकांनी नातवाच्या खेळावर बंदी आल्यावर पेढे वाटले, त्यांच्या रमीवर पाळी आल्यावर नातू काय बोलला असेल? असे संवाद खेळ बंद पडल्यावरही जिवंत राहतात.

कारागिरीविषयी थोडेच सांगतो. वाचणारा मोबाइलवर वाचणार, तेव्हा चौकटी आडव्या न मांडता एकाखाली एक मांडाव्यात. आपल्या लिपीला वर वेलांटी आणि खाली उकार लागतो. इंग्रजी फुग्याच्या मापात ती गुदमरते. म्हणून आधी शब्द लिहावेत, मग त्यांभोवती फुगा काढावा. आठवड्याला एकच भाग, पण ठरलेल्या वारी; आणि पहिला भाग प्रसिद्ध करण्यापूर्वी दहाबारा भाग हाताशी तयार हवेत, कारण परीक्षा आणि ताप हे सांगून येत नाहीत.

राहता राहिली वडीलधारी मंडळी. ‘हे साहित्य नव्हे’ असे म्हणणाऱ्यांना मी इतकेच विचारीन की, आपण ज्या दिवाळी अंकांचा अभिमान बाळगतो त्यांची मुखपृष्ठे आणि हास्यचित्रे कोणी काढली? फडणीस बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचे. दीनानाथ दलाल गोव्याचे. ना. श्री. बेंद्रे इंदुरात जन्मले आणि बडोद्यात त्यांनी चित्रकारांची पिढी घडवली. मराठी चित्रकलेचे हे मोठे धन सीमेवरच्या आणि सीमेपलीकडच्या गावांतूनच आले, आणि आज त्याच गावांतील मंडळे निबंधस्पर्धेला पारितोषिके ठेवतात, वक्तृत्वाला ढाली देतात, पण चित्रमालिकेसाठी त्यांच्या पत्रिकेत अर्धे पानसुद्धा निघत नाही. आपल्या याच पत्रिकेच्या मलपृष्ठाची आतली बाजू जाहिरात न मिळाल्यास कोरी जाते. संपादक मंडळाने पुढच्या अंकापासून ती जागा वीस वर्षांखालील मुलामुलींना द्यावी, विषयाची अट घालू नये, आणि आलेली चित्रे ‘खेळावरची आहेत’ म्हणून परत पाठवू नयेत.