नळ सार्वजनिक, शुद्धता खासगी?

2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या विकाराचा उद्रेक झाला. पुणे व परिसरात दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. काही दगावले, अनेकांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर दिवस काढावे लागले. काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कँपिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आढळला आणि संशय पाण्यावर गेला.

नांदेड, किरकटवाडी ही गावे 2021 मध्येच महापालिकेत समाविष्ट झाली होती. हद्द वाढली, परंतु तेथील पाणी शुद्धीकरण केंद्रात न गाळता, विहिरीतून केवळ क्लोरीन टाकून पुरविले जात होते. ही उणीव हेरून खासगी आर.ओ. केंद्रे उभी राहिली. उद्रेकानंतर त्यांतील अनेकांचे पाणीही पिण्यास अयोग्य ठरले व महापालिकेने त्यांना टाळे ठोकले!

यात नवल नाही. आर.ओ. यंत्र प्रामुख्याने विरघळलेले क्षार कमी करते. जेथे फ्लोराइड वा क्षार मर्यादेबाहेर आहेत, तेथे त्याचा उपयोग निर्विवाद आहे. मात्र त्यातील कोळशाची गाळणी क्लोरीनही काढून टाकते. मग टाकीत वा जारमध्ये जंतू शिरले, तर त्यांना अटकाव करणारे काहीच उरत नाही. शिवाय एक लिटर पाण्यामागे बहुधा दोन-तीन लिटर मोरीत जातात. 500 मिलिग्रॅमहून कमी क्षारांच्या पाण्यासाठी अशा यंत्रांवर बंदी घालण्याचे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये दिले, ते याच कारणाने.

परंतु प्रश्न केवळ यंत्राच्या गुणदोषांचा नाही. ज्याला परवडते तो यंत्र विकत घेतो आणि नळाच्या पाण्याविषयी बोलणे सोडतो. ज्याचा आवाज कार्यालयात ऐकला जातो, तोच गप्प बसतो. गढूळ पाणी उरते ते झोपडपट्टीच्या वाट्याला. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर जो हक्क बजावला गेला, तो सार्वजनिक पाण्यावरील समान हक्क होता. आज तोच हक्क हप्त्याने विकला जात आहे.

पाणीपुरवठा हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, हा मानदंडही आहे. तो पाळला जातो काय, हे ओ.टी. चाचणीने घटकाभरात कळते: पाण्याला पिवळी छटा आली, तर क्लोरीन आहे. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत ही चाचणी करावी, तारीखवार नोंद ठेवावी आणि ती घेऊन प्रभाग कार्यालयावर जावे. तोवर पाणी खळखळून उकळून प्यावे, हेही घरोघर सांगावे. परंतु प्रत्येक चुलीवर उकळणारे पातेले हे प्रशासनाच्या अपयशाचे प्रमाणपत्र आहे, याचा विसर कोणालाही पडू देता कामा नये.