रंगभूमीवरील दोन सत्ता

नाशिक शहरात नाटकाचा व राजकारणाचा संबंध काय, असा प्रश्न निघाला की २१ डिसेंबर १९०९ ही तारीख हटकून पुढे येते. त्या रात्री विजयानंद नाट्यगृहात जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन यांस अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या घालून ठार केले. आणि १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे हे तिघे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. हा इतिहास येथील शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. परंतु त्या रात्री रंगभूमीवर खेळ कोणता चालला होता, असे विचारले तर उत्तर देणारे थोडेच निघतील. तो खेळ गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' या नाटकाचा होता. गोळी शहराच्या स्मरणात राहिली आणि नाटक विसरले गेले, ही गोष्ट आम्हांस केवळ योगायोगाची वाटत नाही. वाङ्मय व रंगभूमी यांत राजकारणाचे प्रतिबिंब कसे पडते, हे पाहण्याची जी एकांगी सवय आपणांस जडली आहे, तिचेच हे लक्षण आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम परकी सत्तेचा विचार करू. बंगाल्यात निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम दीनबंधु मित्र यांनी 'नीलदर्पण' नाटकात १८६० साली मांडला. पुढे तेथील रंगभूमीवर सरकारी अंमलदारांची व राजनिष्ठ बड्या लोकांची उघड थट्टा होऊ लागली, तेव्हा सरकारने १८७६ साली नाट्यप्रयोगांचा कायदा केला. निंदाव्यंजक, सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणारा अथवा प्रेक्षकांची नीती बिघडवणारा वाटेल तो प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार या कायद्याने सरकारच्या हाती आला. महाराष्ट्रात त्याचा सर्वांत गाजलेला प्रहार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'कीचकवध' नाटकावर झाला. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात पात्रे विराटाच्या दरबारातली. पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे अपमानित हिंदभूमी, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे कोणासही समजावून सांगावे लागत नव्हते. जॅक्सनच्या वधानंतर थोड्याच दिवसांत, १९१० साली, सरकारने ते बंद केले. त्याआधी १९०९ सालीच नाशिकचे बाबाराव सावरकर यांस काही कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, आणि तिचा सूड हेच जॅक्सनवरील हल्ल्याचे मुख्य कारण मानले जाते. म्हणजे दोन-तीन वर्षांच्या अवधीत कविता, नाटक, तुरुंग व फास हे एका साखळीत ओवले गेले. राजसत्ता पद्याला व रूपकाला किती भिते, हे यावरून उघड होते.

येथपर्यंतचा इतिहास सर्वमान्य आहे. आता दुसरा प्रश्न. ज्या सरकारने 'कीचकवध' सहन केले नाही, त्याच सरकारचा कलेक्टर 'शारदा' पाहावयास नाट्यगृहात निःशंक येऊन बसतो, याचा अर्थ काय? 'शारदा' हे निरुपद्रवी नाटक होते काय? मुळीच नव्हे. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात एका सौद्याची हकीकत आहे. कांचनभट हा बाप द्रव्यलोभाने आपली कोवळी मुलगी विकावयास काढतो. भुजंगनाथ हा धनाढ्य म्हातारा गिऱ्हाईक होतो. आणि भद्रेश्वर दीक्षित हा मधला दलाल आपल्या दलालीवर नजर ठेवून दोन्हीकडे गोड बोलतो. आमच्या व्यापारी वाचकांस या व्यवहाराचा आकार तत्काळ ओळखू येईल. विकणारा आहे, घेणारा आहे, दलाल आहे, रक्कम आहे. मालाची संमती तेवढी कोणी विचारीत नाही. हे राजकारण नव्हे, असे कोण म्हणेल? एका मनुष्याने दुसऱ्याच्या देहावर व आयुष्यावर हक्क सांगावा, आणि शास्त्र, रूढी व पैसा यांनी त्या हक्कावर शिक्का मारावा, यालाच सत्ता म्हणतात. भेद इतकाच की ही सत्ता साहेबाची नव्हती. ती आपल्या घरातली होती.

परकी सरकारास या दुसऱ्या सत्तेशी भांडावयाचे नव्हते. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात प्रजेच्या धर्मात हात न घालण्याचे अभिवचन होते. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हा उसळलेल्या वादळाने सरकार आणखी सावध झाले. शिवाय, स्वतःच्या मुली विकणारे लोक स्वराज्यास लायक नाहीत, असे म्हणण्याची सोय त्यास हवीच होती. साहेबाच्या या दुटप्पी धोरणाचा आपल्याकडे विलक्षण परिणाम झाला. जे वाङ्मय सरकार अडवी, ते राजकीय व तेजस्वी ठरले. जे अडवीत नसे, ते सामाजिक, मिळमिळीत, किंबहुना सरकारधार्जिणे ठरले. टिळक व आगरकर यांच्या वादात ही फूट वैचारिक होती. तीत तत्त्वाची बाजू होती. पुढे मात्र ती निव्वळ सवय होऊन बसली. कोणते नाटक धोक्याचे व कोणते सौम्य, हे ठरविण्याचा मक्ता आपण नकळत परकी सरकारच्याच हवाली केला. त्याच्या बंदीहुकुमांच्या यादीवरून आपण आपल्या वाङ्मयाची योग्यता मोजू लागलो. यासच आम्ही मानसिक दास्य म्हणतो.

याच शहराचा आणखी एक दाखला घ्या. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, व तो पुढे काही वर्षे चालला. ज्या नाशिकने परकी सत्तेविरुद्ध तरुणांचे प्राण दिले, त्याच नाशिकने देवळाचे दार आपल्याच माणसांस लावून घेतले. त्या काळी भीमराव कर्डक यांच्यासारख्या याच जिल्ह्यातील शाहिरांचे जलसे तिकिटाच्या नाट्यगृहात नव्हे, तर वस्तीवस्तीत उभे राहिले, आणि पाणी, देऊळ, शिक्षण व स्वाभिमान हे विषय त्यांनी गाण्यात व फार्सात मांडले. मराठी रंगभूमीच्या वैभवाचे वर्णन करताना आपण गंधर्वांच्या मैफलींवर पानेच्या पाने खर्च करतो. या जलशांस किती ओळी देतो, हे प्रत्येकाने आपल्या घरचे पुस्तक उघडून पाहावे.

कोणी म्हणेल की परकी राज्य गेले, तेव्हा हा वाद आता जुना झाला. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. १८७६ चा तो कायदा स्वतंत्र हिंदुस्थानच्या कायदेपुस्तकात पुढे सत्तर वर्षे राहिला. तो रद्द झाला २०१८ च्या प्रारंभी. खुद्द इंग्लंडाने आपल्या रंगभूमीवरील पूर्वतपासणी १९६८ सालीच काढून टाकली होती. महाराष्ट्रात तर १९५१ च्या पोलीस कायद्याच्या आधारे व १९५४ साली स्थापन झालेल्या परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता आधी तपासून घेण्याची रीत स्वराज्यातही चालू राहिली. या रीतीस अमोल पालेकर यांनी २०१६ साली उच्च न्यायालयात आव्हान दिले. १९७२ साली विजय तेंडुलकर यांचे 'सखाराम बाइंडर' अडविले गेले, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग यांस न्यायालयाची पायरी चढून प्रयोगाचा हक्क मिळवावा लागला. त्या नाटकात सरकारचा अपमान नव्हता; घराच्या चार भिंतींत पुरुष स्त्रीवर कशी मालकी गाजवतो, एवढेच त्यात होते. परकी सरकारने आपली खुर्ची राखण्यासाठी घडविलेले हत्यार स्वराज्यात घराची अब्रू राखण्यासाठी उचलले गेले. ज्या दुसऱ्या सत्तेस साहेबाने दुरून नमस्कार केला, तिच्या हाती आम्ही त्याची काठी देऊन मोकळे झालो!

आणि ती दुसरी सत्ता गेली काय? १९२९ साली बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला व १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. लोक त्यास शारदा कायदा म्हणतात. ते नाव देवलांच्या नायिकेवरून पडले नसून विधेयक आणणारे हरविलास सारडा यांच्यावरून पडले आहे. त्याने मुलीचे वय चौदा ठरविले. पुढे ते अठरा झाले, आणि २००६ साली अधिक कडक कायदा आला. तथापि २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधीच झालेले होते. म्हणजे पाचांत एकीहून अधिक! कांचनभट अजून जिवंत आहे. त्याने केवळ पोशाख बदलला आहे. क्वचित तो द्रव्यलोभी नसून कर्जबाजारी असतो, क्वचित ऊसतोडीस जाताना वयात आलेल्या मुलीस मागे कोणाच्या भरवशावर ठेवावे, या काळजीने ग्रासलेला असतो. आजच्या देवलांनी लिहावयाचे ते याविषयी.

हुतात्म्यांचे स्मरण कमी करावे, असे आम्ही म्हणत नाही. वधाच्या मार्गाविषयी मतभेद असूनही त्या तरुणांच्या त्यागापुढे कोणाचीही मान लवेल. पण स्मरण पुरे असावे. नाशिकच्या नाट्यमंडळींस, शाळांस, वाचनालयांस व ज्यांच्या देणग्यांवर असले उपक्रम चालतात त्या व्यापारी गृहस्थांस आमची एक सूचना आहे. दरवर्षी २१ डिसेंबरला या शहरात 'शारदा' नाटकाचा प्रयोग व्हावा, त्यास विद्यार्थी-विद्यार्थिनींस विनामूल्य प्रवेश असावा, आणि त्याच आठवड्यात 'कीचकवधा'चे वाचन व एखादा जलसाही व्हावा. खर्च एका मध्यम लग्नाच्या मांडवाहून अधिक येणार नाही. परकी सत्तेचा कीचक आपण ओळखला, हे भूषणावह खरे. परंतु घरातल्या कांचनभटास ओळखण्याचे धैर्य ज्या समाजास झाले नाही, त्याचे स्वातंत्र्य अर्धेच राहिले, असे म्हणणे आम्हांस भाग आहे.