परत आलेल्या मुलीवरचा संशय

आयर्लंडच्या एका जुन्या ग्रंथात लिहिलंय, की त्या बेटावर पहिलं पाऊल ठेवलं ते हजरत नूह (अलैहिस्सलाम) यांच्या नातीनं. तिचं नाव केसेर. नौकेत जागा मिळाली नाही म्हणून ती पन्नास बायका आणि तीन पुरुष बरोबर घेऊन पश्चिमेला निघाली आणि प्रलयाच्या चाळीस दिवस आधी आयर्लंडला पोहोचली. ही नात कुराणात नाही आणि बायबलातही नाही. अकराव्या शतकाच्या सुमारास आयरिश ख्रिस्ती भिक्षूंनी आपल्या बेटाचा इतिहास नबींच्या इतिहासाला जोडायचं ठरवलं, त्यातून ती आली. याच ग्रंथात पुढे फिरऔनची स्कोटा नावाची मुलगी येते. साप चावलेल्या एका मुलाला हजरत मूसा (अलैहिस्सलाम) आपल्या असाने बरं करतात आणि तो मुलगा आयरिश लोकांचा पूर्वज ठरतो. वाचताना आपल्याकडच्या काही घराण्यांचे शजरे आठवून हसू आलं. वंशावळ लिहायला बसलं की पैगंबरांपर्यंत पोहोचल्याशिवाय कुणाची लेखणी थांबत नाही.

ग्रंथाचं नाव ‘लेबोर गबाला एरेन’, म्हणजे ‘आयर्लंड ताब्यात घेतल्याचं पुस्तक’. मी काही या विषयाचा अभ्यासक नाही. पॅडर ओ गिलीन या आयरिश लेखकाच्या ‘द कॉल’ (2016) आणि ‘द इन्व्हेजन’ (2018) या दोन जोडकादंबऱ्या वाचताना त्या ग्रंथापर्यंत जावं लागलं. दोन्ही कादंबऱ्या किशोरवयीन वाचकांसाठी आहेत आणि विषय आहे पऱ्यांचा.

पऱ्या म्हटल्यावर काहींच्या कपाळावर आठ्या पडतील. जिन्न, परी, जादू असली पुस्तकं मुस्लिम घरात कशाला, असं विचारणारे माझ्याही नात्यात आहेत. दुसरीकडे कॉलेजातल्या मुलींच्या हातात सारा मास यांच्या कादंबऱ्या दिसतात. त्यातले परीलोकातले राजपुत्र देखणे, थोडे रागीट आणि शेवटी प्रेमात पडणारे. ओ गिलीनच्या पुस्तकात असला राजपुत्र शोधू नका.

त्यांच्या आयर्लंडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटलेला आहे. जहाज येत नाही, विमान येत नाही, औषधं संपलीत. प्रत्येक मुलाला आणि मुलीला वयात आल्यावर कधीतरी ‘हाक’ येते. केव्हा ते कुणालाच ठाऊक नसतं. वर्गात बसलेला मुलगा अचानक नाहीसा होतो आणि बाकावर नुसते कपडे उरतात. तीन मिनिटं चार सेकंदांनी तो परत येतो. तेवढ्या वेळात त्यानं पलीकडच्या ‘करड्या देशात’ पूर्ण एक दिवस काढलेला असतो आणि ‘शी’ नावाच्या लोकांनी त्याची शिकार केलेली असते. दहांतला जेमतेम एक जिवंत परततो. बाकीच्यांची प्रेतं येतात, आणि तीही ओळखू येतील अशी नाही. म्हणून शाळेत गणित-भूगोलापेक्षा पळणं, लपणं, मारणं जास्त शिकवतात.

नायिका नेसा. औषधंच नाहीत, त्यामुळे पोलिओ परत आलाय आणि त्यात तिचे पाय गेलेत. जिथे पळणं हाच अभ्यास, तिथे ही मुलगी कुबड्यांवर. ती वाचेल असं कुणालाच वाटत नाही. लेखक तिला बिचारी करत नाही आणि शेवटी चमत्कारानं तिचे पाय बरेही करत नाही. ती लाकडाच्या तुकड्यांवर झोके घेत पुढे सरकायची आपली रीत स्वतः बसवते. अपंग माणूस कथेत आला की एकतर त्याची दया करायची नाहीतर त्याला संत करायचं, या खोडीतून हे पुस्तक सुटलंय. एवढ्यासाठीही ते वाचावं.

पण माझा मुद्दा त्या ‘शी’ लोकांचा आहे. ते कोण? तर आयर्लंडचे आधीचे मालक.

‘लेबोर गबाला’मध्ये बेटावर एकामागून एक सहा लोकसमूह येतात. पाचवे तुआहा दे दानन, म्हणजे दानू देवीचे लोक, विद्येत आणि जादूत निपुण. सहावे मिलेशियन. ते स्पेनहून जहाजांनी आले आणि आजचे आयरिश स्वतःला त्यांचे वंशज मानत आले. लढाई होते, मिलेशियन जिंकतात आणि वाटणीची वेळ येते. एका जुन्या कथेप्रमाणे त्यांचा कवी आणि न्यायनिवाडा करणारा आमेर्गिन देशाचे दोन भाग करतो, एक जमिनीच्या वरचा आणि दुसरा जमिनीच्या खालचा. वरचा जिंकणाऱ्यांना, खालचा हरणाऱ्यांना. कागदावर निम्मा-निम्मा, तक्रारीला जागा नाही! तेव्हापासून ते लोक टेकड्यांच्या पोटात राहतात. आयरिश भाषेत त्या टेकडीला जो शब्द आहे, तोच पुढे त्यांचं नाव झाला. त्यांच्या तीन राण्यांनी मिलेशियनांकडे मागितलं ते एवढंच, की या भूमीला आमची नावं राहू द्या. आज त्या देशाचं आयरिश नाव ‘एरा’ आहे, ते त्यांतल्याच एका राणीचं, एरिउचं. जमीन गेली, नाव राहिलं.

ओ गिलीन ही कथा जशीच्या तशी उचलतात आणि विचारतात की खाली गाडलेल्यांनी हिशेब मागितला तर? आयरिश लेखकानं हे विचारावं याला महत्त्व आहे. जमीन हिसकावली जाणं म्हणजे काय, हे त्या लोकांना चांगलं माहीत आहे. सतराव्या शतकात क्रॉमवेलच्या काळात कॅथलिक जमीनदारांना हाकलून शॅनन नदीच्या पलीकडच्या नापीक भागात धाडलं गेलं. 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. अशा समाजाला, ज्याची स्वतःची ओळखच ‘आमच्यावर अन्याय झाला’ या वाक्यावर उभी आहे, त्यांच्यातलाच एक लेखक सांगतो की तुमच्या सगळ्यात जुन्या कथेत अन्याय करणारे तुम्ही आहात. शिवाय त्या कथेत मूळचा असा कुणीच नाही. तुआहा दे दाननही बाहेरूनच आले होते, त्यांच्या आधीचेही.

‘बाहेरून आलेले’ हा शब्द मराठी मुसलमानाला नवा नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, तरी कार्यक्रमानंतर कुणीतरी भेटून कौतुकानं म्हणतंच, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ आपल्या कोकणात तर निम्म्या समाजांच्या मूळकथा गलबतातून उतरतात. बेने इस्राएल सांगतात की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. कोकणी मुसलमान अरब व्यापाऱ्यांचं नाव घेतात. कोण कधी आला याची यादी करायला बसलं तर आमेर्गिनच्या वाटणीसारखं होतं. ज्याच्या हातात दोरी, त्याच्या सोयीनं सीमा.

इथपर्यंत मी कादंबरीच्या बाजूनं आहे. ती माझ्या मनातून उतरते ते तिच्या ‘शी’ लोकांमुळे. ते सगळे सुंदर, सगळे हसतमुख आणि सगळेच क्रूर. माणसाच्या मांसाला मातीसारखा आकार देण्यात त्यांना आनंद वाटतो. दिलेला शब्द ते पाळतात, पण त्या शब्दपालनातही दुष्टावाच असतो. दोन भागांत त्यांच्यातल्या एकाचाही हात थरथरत नाही. त्यांच्यावर अन्याय झाला हे लेखक मान्य करतो आणि मग त्यांना असं रंगवतो की तो अन्याय विसरायला वाचक मोकळा होतो. अख्खी जमात जन्मतः तशीच, हे वाक्य कल्पित लोकांबद्दल असलं तरी माझ्या गळी उतरत नाही.

जिन्नांबद्दल आपल्याला शिकवलेलं आठवून पाहा. कुराणातली बहात्तरावी सूरत त्यांच्याच नावाची आहे. त्यातले जिन्न कुराण ऐकून ईमान आणतात आणि स्वतःच सांगतात की आमच्यात नेक आहेत आणि नेक नसलेलेही आहेत. धुराशिवायच्या आगीतून घडलेली मखलूक, पण निवडीचं स्वातंत्र्य आणि हिशेबाची जबाबदारी आपल्यासारखीच. आयरिश लोकसमजुतीतही पऱ्यांना सरसकट दुष्ट मानत नसत. त्या म्हणजे स्वर्गातून पडलेले, पण बंडातही पूर्ण सामील नसलेले फरिश्ते, असं खेड्यातले म्हातारे सांगायचे. त्यांना ‘भली माणसं’ म्हणायचे, नाव घ्यायचं टाळायचे, त्यांच्या टेकड्यांवर नांगर घालत नसत. 1999 साली क्लेअर परगण्यात महामार्गाच्या आड येणारं पऱ्यांचं काटेरी झाड तोडू नये म्हणून एडी लेनिहान या कथाकारानं आवाज उठवला, तेव्हा ते झाड राखून रस्ता झाला. या शेजारधर्मातलं कादंबरीत काही उरलेलं नाही. उरली आहे ती फक्त भीती.

दुसरा भाग मात्र त्याच भीतीला कामाला लावतो, आणि तिथे ओ गिलीन मला पुन्हा जिंकतात. (कथानक आधी कळलेलं चालत नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

नेसा करड्या देशातून जिवंत परत येते. ‘द इन्व्हेजन’मध्ये तिचं हे जगणंच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतं. धडधाकट मुलं मेली, मग ही पांगळी कशी वाचली? नक्की शत्रूशी सौदा केला असणार. सरकार फितुरांचा शोध सुरू करतं आणि अधिकाऱ्यांच्या दृष्टीनं तिचा गुन्हा सिद्ध करायचीही गरज उरत नाही. शिक्षा म्हणजे पुन्हा त्याच देशात रवानगी, कायमची. वैऱ्यानं जे केलं नाही ते घरचे करतात.

लेखकानं हे हवेतून काढलेलं नाही. आयर्लंडमध्ये ‘बदललेल्या माणसा’ची समजूत होती. पऱ्या खरं माणूस उचलून नेतात आणि त्याच्या जागी तसंच दिसणारं दुसरं ठेवतात. 1895 च्या मार्चमध्ये टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी नावाची शिवणकाम करणारी तरुण बाई आजारी पडली. ही माझी बायको नव्हे, असं नवऱ्याच्या डोक्यात बसलं. नातेवाइकांच्या देखत तिला जडीबुटी पाजली, चुलीजवळ धरलं आणि पुन्हा पुन्हा विचारलं की तू ब्रिजेटच आहेस ना, सांग. तिनं सांगितलं. पुन्हा विचारलं. शेवटी नवऱ्यानं तिला जाळलं आणि नंतर खरी बायको पांढऱ्या घोड्यावरून येईल म्हणून तो पऱ्यांच्या टेकडीवर वाट पाहत बसला. त्यानं पंधरा वर्षं तुरुंगात काढली. इंग्लंडमधल्या काही वर्तमानपत्रांना तर संधीच मिळाली: हे असले लोक, यांना स्वराज्य कशाला? म्हणजे एका बाईला ‘आपली नव्हे’ म्हणून मारलं गेलं आणि त्या खुनाचा आधार घेऊन अख्ख्या समाजाला ‘आपल्यासारखा नव्हे’ ठरवलं गेलं.

मराठीत याला ‘बाहेरची बाधा’ म्हणतात. आपल्या वस्त्यांमधले आमिल त्यालाच ‘असर’ म्हणतात. सासरी गप्प झालेली, झोप उडालेली, कधी नुसतीच उलट बोलणारी मुलगी त्यांच्यासमोर आणून बसवली जाते, केस धरून विचारलं जातं, ‘बोल, तू कोण आहेस?’ तिनं स्वतःचं नाव सांगितलं तर ते खोटं धरतात. मार थांबावा म्हणून दुसरं कुणाचं नाव सांगितलं, तर तेवढं खरं. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं त्यात गुन्हा आहे आणि तो करणाऱ्याचा धर्म कायदा विचारत नाही. आपल्या समाजातून किती तक्रारी पुढे येतात, हे प्रत्येकानं आपापल्या मोहल्ल्यात पाहावं. निष्ठेचे दाखले आपल्याकडे मागितले जातात तेव्हा आपल्याला लागतं, आणि लागायलाच हवं. पण आमिलासमोर बसलेल्या मुलीकडे आपण जो दाखला मागतो, तो यापेक्षा वेगळा कसा, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

म्हणून जिन्न-परीचं पुस्तक घरात नको म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्या घरात जिन्नाच्या नावानं काय काय चालतं ते आधी बघू, कादंबरीचं नंतर.

पुस्तक मुलांना द्यायचं असेल तर थोडं जपून द्या. मारामारी आणि देहाची विटंबना बरीच आहे, काही पानं मीही भराभर उलटली. कॉनर हा शाळेतला खलनायक ढोबळ उतरलाय. चौदा-पंधराच्या पुढच्या मुलामुलींना चालेल. इंग्रजी सोपी आहे, वाक्यं लहान आहेत. आणि दोन्ही भाग हाताशी ठेवूनच सुरुवात करा, कारण पहिल्याच्या शेवटी नेसा घरी येते आणि तिथे पुस्तक मिटलं तर सगळं निभावलं असंच वाटतं.